सोळापैकी सात

थोरल्याने विद्यापीठातून आलेलं पत्र वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि कापणीच्या टेबलावर ठेवून त्यावर कात्री ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून. खोलीत वारा नव्हता. खिडक्या बंद होत्या.

"तेव्हा सोळापैकी सात, आणि आताही सोळापैकी सात," तो म्हणाला. "दीड महिन्यात एकाचीही घसरण नाही. आई होती तिथेच आहे. संपला विषय."

सोमवार होता, दुकानाच्या सुट्टीचा दिवस. मशिनांवर कापडं टाकलेली होती आणि अर्धवट कोट भिंतीलगत रांगेने लटकत होते. आई वर आंघोळीला गेली होती, आणि तिची आंघोळ म्हणजे अर्धा तास धरूनच चालायचं. तेवढ्यात काय ते बोलून घेऊ म्हणून चौघे खाली जमले होते: थोरला, त्याची बायको, मधला आणि धाकटी. मधल्याला घरात शेठ म्हणत, कारण कामाची गर्दी उसळली की तो नेमका कुठेतरी कपडे पोचवायला गेलेला असे. धाकटीला टाचणी म्हणत. अंगाने ती तशी होतीच, पण गिऱ्हाइकांच्या ट्रायलचं काम तिच्याकडे असल्यामुळे आणि बोलताना टोचायची सवय असल्यामुळे ते नाव तिला तिन्ही बाजूंनी बसलं होतं.

शेठने खुर्चीत अंग सैल सोडलं. वहिनीने काजाच्या मशिनवरचं कापड सारखं केलं. टाचणी मात्र उभीच राहिली. तो सातचा आकडा खरं काय सांगतो हे त्या खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होतं, आणि ते सांगायचं तर त्याबरोबर स्वतःचं पापही सांगावं लागणार होतं.

ह्या दुकानात मापं लिहायची पद्धत नव्हती. दुकान काढलं आजोबांनी, आणि आजोबांना लिहिता येत नव्हतं. टेप धरणाऱ्याने माप मोठ्याने पुकारायचं, कापणाऱ्याने ते परत म्हणायचं, असं तीनदा. बस्स. मग माप गेलं डोक्यात, ते कोट शिवून होईपर्यंत तिथेच. मुळात ती अडचण होती. पुढच्या पिढीत तिचा बाणा झाला. आजोबांनंतर कात्री त्यांच्या मुलीकडे, म्हणजे आईकडे आली, जावई घरात येऊन काजं करू लागला, आणि बाई असूनही गिऱ्हाइकं तिला 'मास्तर'च म्हणू लागली. पंचवीस वर्षांपूर्वी लग्नाचा कोट शिवून नेलेला माणूस दारात दिसला की आई म्हणायची, "डावा खांदा अजून खाली आहे का हो?" माणूस खूश होऊन दुसरा कोट टाकून जायचा. मुलांचे कानही ह्याच पद्धतीत तयार झाले होते. ह्या घरात कोणाला फोन नंबर एकदाच सांगावा लागे.

म्हणूनच विद्यापीठाच्या स्मृती केंद्रात साठीच्या पुढची माणसं अभ्यासासाठी हवी आहेत असं कळलं, तेव्हा आई आपण होऊन गेली होती. आजारी म्हणून नव्हे, मिरवायला. टाचणीला सोबत घेतलं आणि जाताना म्हणाली, "बघू तरी विद्यापीठाला किती आठवतंय."

तिथल्या संशोधक बाईंनी तिला सोळा चित्रं दाखवली, चार-चार करून. प्रत्येक चित्र कसलं आहे तेही म्हणून घेतलं: हे वाद्य, हा पक्षी, हे अवजार. मग इकडच्या तिकडच्या गोष्टी करून घेतल्या आणि अर्ध्या तासाने विचारलं, कोणकोणती चित्रं होती? जे आठवेना त्याची खूण दिली: एक वाद्य होतं बघा. वय झालं की नाव जिभेवर अडतं, पण खूण दिली की सुटतं. ते साधं विसरणं. आईचं तसं होत नव्हतं. खूण देऊनही ती बाईंकडे अशी बघत होती की जणू वाद्य दाखवलंच नव्हतं. खुणांसकट सात. बाई म्हणाल्या, एका दिवसावरून काही ठरत नाही, दीड महिन्याने हीच चित्रं पुन्हा विचारू, तोवर घरी सराव मात्र करू नका. आई बाहेर येऊन म्हणाली की रात्री झोप झाली नव्हती.

आणि टाचणीने, त्या घरची लेक असल्यामुळे, सोळाच्या सोळा चित्रं मागे बसल्या बसल्या एकदाच ऐकून घरी आणली होती.

"दादा," ती आता म्हणाली, "मी आईकडून सराव करून घेतला होता."

थोरला वळला. "कसला सराव?"

"त्या चित्रांचा. दुसऱ्या चाचणीच्या आधीचे दहा दिवस. रोज दुपारी जेवण झालं की. मी पुकारायची, ती म्हणायची. तीनदा, आपल्या पद्धतीने."

शेठ हसलाच. म्हणाला, परीक्षेत कॉपी करणारी तू घरातली पहिली. मग टाचणीचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं.

"हसण्यासारखं नाहीये रे. दहा दिवस घोकून घेतलं तरी सात. तिने रोज तीनदा नीट म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. दहाव्या दिवशी मी बसल्यावर मला म्हणाली, 'अगं, हा नवीन खेळ कुठून काढलास?'"

टाचणीला ती दुपार आठवली. पण रडायला अर्ध्या तासात जागा नव्हती. सकाळी पत्र आलं तेव्हाच तिने गच्चीवर जाऊन केंद्रात फोन केला होता, आणि बाईंना सगळं खरं सांगितलं होतं. त्या रागावतील, आईचं नाव अभ्यासातून काढून टाकतील, अशी तिची खात्री होती. पण बाई रागावल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं की दहाही दिवस? नक्की? आणि मग त्यांनी समजावलं ते टाचणीने आता भावांना जसंच्या तसं सांगितलं. काहीही सराव न करता दुसऱ्यांदा आलेली निरोगी माणसं पहिल्यापेक्षा वर जातात. नऊची अकरा होतात, अकराची तेरा. दहा दिवस घोकलेलं माणूस तर पंधरा-सोळावर जायला हवं. घसरण आहे का एवढंच त्या बघत नव्हत्या. चढ आहे का, तेही बघत होत्या. जुनं सगळं जागेवर असतं, म्हणून घरच्यांना कळत नाही. नवीन आत टिकतच नाही, तिथे आजाराची पहिली पावलं दिसतात. त्यासाठीच तर हा अभ्यास चालू होता.

"म्हणजे अल्झायमर?" वहिनीने विचारलं. तो शब्द त्या खोलीत पहिल्यांदाच उच्चारला गेला.

"तसं त्या म्हणत नाहीत. चाचणीवरून निदान होत नाही म्हणाल्या. मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं, रक्त तपासायचं, स्कॅन करायचं. दुसरंही कारण निघू शकतं. पण थांबू नका म्हणाल्या. आत्ता गेलं तर आई स्वतः ऐकेल, स्वतः ठरवेल. औषध घ्यायचं का, काम किती करायचं, पुढे कोणी काय करायचं."

"काही गरज नाही," थोरला म्हणाला.

त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच टाचणीला भीती वाटली. तो म्हणाला की पत्र आलंय, त्यात काळजीचं काही लिहिलेलं नाही, आणि हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची हौस कोणाला असेल तर तिने ती आपल्या घरी करावी. आईला एकदा सांगितलं की ती खचेल. खचली की कात्री सुटेल. कात्री सुटली की ती वर्षभरात आजोबांसारखी होईल. शेठने मान हलवली. दोघे भाऊ एका बाजूला झाले, हे कधी नव्हे ते घडत होतं, आणि तेही नेमकं आज.

आजोबांचं नाव निघालं की घरात सगळे गप्प होत. शेवटची तीन वर्षं त्यांना मागच्या खोलीत ठेवलं होतं. मास्तर गावाला गेलेत असं गिऱ्हाइकांना सांगायचं. डॉक्टरांना दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले की आता ह्यांना काय विचारणार? तुम्हीच सांगा तुम्हाला काय हवंय. आणि कोणालाच ते सांगता आलं नव्हतं. तेव्हा थोरला बारा वर्षांचा होता. शाळेतून आला की मागच्या खोलीच्या दाराशी बसायचं, ते बाहेर येऊ नयेत एवढं बघायचं, हे त्याचं काम होतं. आपल्या भावाला दुकानाचं नाव जायची भीती नाही, त्याला ते दार दिसतंय, हे टाचणीला कळलं आणि त्याच्याबद्दल तिला माया वाटली. पण माया वाटली म्हणून ती मागे हटणार नव्हती.

"दादा, आजोबांना आपण उशिरा नेलं," ती म्हणाली. "ते सांगू शकत होते तेव्हा कोणी विचारलंच नाही. आईच्या बाबतीत तेच करायचंय का?"

"आईला काही झालेलंच नाही."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही," वहिनी म्हणाली. ती नवऱ्याच्या विरुद्ध चारचौघांत बोलणारी बाई नव्हती, म्हणून थोरला तिच्याकडे बघतच राहिला. वहिनी उठली, काजाच्या मशिनचा खण उघडला आणि बटणांच्या डब्याखालून चिठ्ठ्यांची एक जाड गड्डी काढली. कापडाच्या लेबलांच्या उलट बाजूला पेन्सिलीने लिहिलेली मापं. "वर्ष झालं, मी लिहून घेते. तुम्ही पुकारता तेव्हा पाठ फिरवून बसते. आई कापताना थांबल्या की मी हळूच आकडा म्हणते, गुणगुणल्यासारखा. त्या पुढे कापतात."

ह्या दुकानात मापाची चिठ्ठी निघावी हे देवळात जोडे सापडण्यासारखं होतं. पण कोणी रागावलं नाही. शेठ पुढे वाकला आणि गड्डीकडे बघत, कोणी न विचारताच, म्हणाला की आईला त्याने तीनदा बाजारातून घरी आणलंय. रस्ता चुकली असं ती म्हणाली नाही, पाय दुखतायत म्हणाली, आणि त्यानेही पायच दुखतायत असं धरलं. तयार कोट एकाच पत्त्यावर दोनदा पोचवायला सांगितला होता, तेव्हा तो तासभर बाहेर फिरून परत आला होता. "मला वाटलं, एवढंच आहे. मी सांभाळून घेतो."

मग टाचणीनेही सांगितलं. ट्रायलच्या वेळी छाती दोन इंच जास्त कापलेली दिसली की ती टाचण्या अशा मारायची की गिऱ्हाइकाला कळू नये, आणि मग उसवून पुन्हा शिवायची. हे किती वेळा केलं ते तिने मोजलं होतं. अकरा वेळा.

प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच झाकतोय, आणि आपल्यापुरतं थोडंसंच तर झाकायचंय. चौघांनी आपापला कोपरा धरून चादर ओढली होती आणि आई तिच्याखाली अख्खी दिसेनाशी झाली होती. आता सगळे थोरल्याकडे बघू लागले.

त्याने पत्रावरची कात्री सरळ केली. मग म्हणाला, "दोन डाव्या बाह्या."

"काय?"

"त्या करड्या कोटाच्या. दोन्ही डाव्या कापल्या होत्या. मी तसलंच कापड शोधून आणलं आणि पहाटे उठून उजवी कापली. मला कापता येत नाही नीट. तिने ती बघितली आणि म्हणाली, ही बाही कोणी बिघडवली?" त्याने तोंडावरून हात फिरवला. "मी म्हणालो, मी."

"तूच बिघडवली होतीस," जिन्यावरून आई म्हणाली. "डावी-उजवी चुकली तरी माझी बाही वाकडी नसते."

ती चौथ्या पायरीवर उभी होती, केस ओले, टॉवेल खांद्यावर. किती वेळ उभी होती ते कोणाला विचारायचं धैर्य झालं नाही. खाली आली, टेबलाशी आपल्या जागी उभी राहिली, कात्री उचलून बाजूला ठेवली आणि पत्र वाचलं. मग टाचणीला म्हणाली, "ते फोनवरचं पुन्हा सांग. पहिल्यापासून. भावांना सांगितलंस तसं गोड करून नको."

टाचणीने सांगितलं. नवीन खेळाचं सांगताना ती अडखळली, तशी आई म्हणाली, "तेही सांग." तेही सांगितलं. टाचणीच्या आयुष्यात पहिल्यांदाच आईने आधाराला टेबलाची कड धरली. थोरला खुर्ची घेऊन धावला. आईने ती पायाने सरकवली.

"मला कळत होतं," ती म्हणाली. "सकाळी कापड पसरलं की वाटायचं, कोणाचं हे? मग सुनेकडून आकडा यायचा. मी म्हणायचे, चला, आलं आपोआप. चोरी काही एकटे तुम्हीच करत नव्हता." मग तिने सुनेकडे हात केला. "कागद घे. सगळं लिही. ज्याने जे झाकलं ते त्याने सांगायचं. त्या बाईंना पुढच्या तपासणीला लागेल ना?"

"हो," टाचणी म्हणाली. "घरच्यांनी पाहिलेलं लिहून आणा म्हणाल्यात."

तास गेला त्यात. वहिनी लिहीत होती, बाकीचे सांगत होते, आणि आई मध्येच तारीख विचारत होती. कोणी 'अगदी बारीकशी' असं म्हटलं की ती म्हणायची, बारीक-मोठी मी ठरवीन. गॅसवर भांडं करपलं ते. मैत्रिणीच्या वाढदिवसाला दोनदा फोन केला ते. नातीचं नाव घेताना लेकीचं घेतलं ते मात्र तिने लिहू दिलं नाही. म्हणाली, ते माझी आईही करायची आणि ती शंभरीपर्यंत टकाटक होती. थोरला सुरुवातीला एकेक शब्द ओढून काढत होता. दहा-बारा गोष्टींनंतर तो आपणहून बोलू लागला, आणि टाचणीच्या लक्षात आलं की त्याचे खांदे खाली आलेत.

शेवटी बेचाळीस गोष्टी झाल्या. आईने कागद घेतला, चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. सत्ताविसाव्या ओळीवर थांबून तिने पेन मागितलं.

"हे काढा," ती म्हणाली.

ती ओळ वकिलाच्या कोटाची होती. काखेत एवढा घट्ट कापला गेला होता की त्याला भर कोर्टात हात वर करता येईना, आणि दुकानात येऊन त्याने तमाशा केला होता.

"आई, ती तर सगळ्यात मोठी चूक," शेठ म्हणाला.

"चूक कसली? ट्रायलच्या वेळी तो माझ्या लेकीच्या अंगचटीला आला होता. मी आरशात बघितलं होतं. मुद्दाम घट्ट केला." तिने ओळीवर सरळ रेघ मारली. "एक्केचाळीस."

टाचणीने ते कोणालाच सांगितलं नव्हतं. आधी ती हसली, मग तिला रडू आलं, आणि आईने टॉवेल तिच्याकडे फेकला.

मग आईने वाटणी केली, कापड कापावं तशी, न थांबता. नवीन गिऱ्हाइकांची कापणी आजपासून सून शिकेल, कारण जिला आकडा आधी कळतो तिला कापताही येईल. मापं उघड लिहायची, चोरून नाही. जुन्या गिऱ्हाइकांची जी मापं तिच्या डोक्यात आहेत ती रोज दुपारी ती सांगेल, शेठने ती उतरवून घ्यायची, आणि त्या वेळेला पोचवायला कुठे जायचं नाही. डॉक्टरांकडे टाचणी सोबत येईल. गिऱ्हाइकांना काय सांगायचं, ह्यावर थोरल्याने तोंड उघडलं. ती म्हणाली, ते मी सांगेन, काउंटरवर उभी राहून, आणि मला मागच्या खोलीत ठेवायचं मनात आणशील तर आत्ताच सांगते, त्या खोलीचं दार उद्या काढून टाक.

थोरल्याने मान डोलावली. पण त्याच्या मनातलं अजून संपलं नव्हतं. तो टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ गेला.

"आई, आणि पुढे तूच नको म्हणालीस तर? डॉक्टर नको, लिहू नका, मला काही झालेलं नाही, असं? आजोबा म्हणायचे. ओरडायचे. तेव्हा मी काय करू?"

आईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो प्रश्न तिलाही नवा होता, हे टाचणीला दिसलं.

"म्हणेन तशी," ती म्हणाली. "ओरडेनही. तुला वाट्टेल ते बोलेन, मला माझा स्वभाव माहीत आहे. तेव्हा जेवायला घाल, समजूत काढ, पण माझं तेव्हाचं ऐकू नकोस. आजचं ऐक."

थोरला बारा वर्षांच्या मुलासारखा रडला. तिने त्याला रडू दिलं, एक हात त्याच्या पाठीवर ठेवून, आणि दुसरा हात टाचणीपुढे केला.

"त्या बाईंना फोन लावून दे," ती म्हणाली. "बोलते मी."